निर्णय कोणाचा? प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी सेवेचं मूल्यमापन कसं करावं

निवासी संस्थेची तपासणी कशी होते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना तिचा क्रम पाठ असेल. हजेरीपट, खाटांची संख्या, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं, कर्मचाऱ्यांची पदवी-पदविका, अनुदानाचा हिशेब, अग्निशामक सिलिंडरची तारीख. हे सगळं बघायलाच हवं. पण या यादीत एक प्रश्न सहसा नसतो: इथे राहणाऱ्या माणसानं गेल्या महिन्यात स्वतःच्या आयुष्यातलं काय काय स्वतः ठरवलं?

हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तो संस्थांच्या विश्वस्तांसाठी, पालक संघटनांसाठी, समाजकल्याण खात्यातल्या अधिकाऱ्यांसाठी, सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी देणाऱ्यांसाठी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर आहेत ती अठरा वर्षांपुढच्या बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींची वसतिगृहं, लहान गटघरं आणि त्यांना जोडलेल्या कार्यशाळा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आणि देणग्यांवर चालणाऱ्या, दोन्ही.

आधी कायद्याची जमीन

स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतः ठरवणं ही संस्थेनं दाखवलेली मेहेरबानी नाही, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट झालेलं बरं. भारतानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याचं कलम १२ कायद्यासमोरच्या समान स्थानाचं आहे आणि कलम १९ समाजात स्वतंत्रपणे राहण्याचं. त्यावर आधारलेला आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली चार कलमं मूल्यमापन करणाऱ्याच्या वहीत पहिल्या पानावर असावीत.

कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं आणि कोणत्याही दिव्यांग व्यक्तीला ठरावीक ठिकाणीच राहणं भाग पडू नये यासाठी सरकारनं प्रयत्न करावेत, असं सांगतं. कलम १३ निर्णयासाठी आधार घेण्याचा हक्क देतं आणि तो आधार बदलण्याचा किंवा मोडण्याचाही. शिवाय पैशाच्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे हितसंबंध आड येत असतील, तर त्यानं बाजूला व्हायचं असतं. कलम १४ मर्यादित पालकत्वाचं आहे: विशिष्ट निर्णयासाठी, विशिष्ट काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं. आणि कलम ४८ सरकारवर दिव्यांगांशी संबंधित योजनांचं सामाजिक लेखापरीक्षण करण्याची जबाबदारी टाकतं. त्यामुळे ‘हे असलं मूल्यमापन कुठल्या नियमात बसतं?’ असं कुणी विचारलं, तर कलम ४८ दाखवा.

मानसिक आजारातून बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनगृहांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ आहे. त्यात आगाऊ निर्देश (आजारात कसे उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (त्या वेळी आधार द्यायला आपण नेमलेला माणूस) यांची तरतूद आहे. पुढची पद्धत तिथेही चालते, फक्त कागद वेगळे मागावे लागतात.

पहिली पायरी: कार्यक्रमाचा दावा एका पानावर मांडा

संस्थेचा वार्षिक अहवाल घ्या आणि त्यात कौशल्याबद्दल काय लिहिलंय आणि निर्णयाबद्दल काय, हे दोन रंगांनी खुणावा. बहुतेक अहवाल एकाच रंगात भरतात. दात घासायला शिकवलं, अंथरुणाची घडी घालायला शिकवलं, पणत्या रंगवायला शिकवलं. ही कामं मोलाची आहेत, पण ती कौशल्याच्या रंगात मोडतात, निर्णयाच्या नाही. ज्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, तोही आज कोणता शर्ट घालायचा ते ठरवू शकतो. आणि सगळं स्वतःच्या हातानं करणाऱ्या बाईला वीस वर्षांत एकदाही ‘तुला काय हवंय?’ असं विचारलेलं नसू शकतं. हा फरक मांडला नाही, तर पुढचं सगळं मूल्यमापन कौशल्यांची गुणपत्रिका होऊन बसतं आणि ज्यांना जास्त आधार लागतो ते कायम नापास होत राहतात.

दुसरी पायरी: चमू

तिघं-चौघं पुरेत. त्यात किमान एक जण स्वतः बौद्धिक दिव्यांग असावा आणि शक्य असेल तर अशा सेवेत राहिलेला असावा. त्याला इतरांइतकंच मानधन आणि प्रवासखर्च द्या आणि त्याच्या कामासाठी सोबती नेमा. हा शोभेचा सदस्य नव्हे. राहणारी माणसं त्याच्याशी जे बोलतात ते आपल्याशी बोलत नाहीत आणि कुठल्या खोलीत काय खटकतं हे त्याला आपल्याआधी दिसतं.

भाषेचाही विचार आधीच करा. नंदुरबारकडून आलेला, घरी भिली बोलणारा माणूस पुण्याच्या संस्थेत ‘बोलत नाही’ अशा शेऱ्यानं वर्षानुवर्षं नोंदला जाऊ शकतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जी बोली लागेल ती येणारं कुणी तरी सोबत हवं. बायकांशी बोलायला बाईच हवी.

वेळेचं म्हणाल, तर वीस-पंचवीस जणांच्या घरासाठी सहा आठवड्यांत पसरलेले पाच-सहा दिवस धरा. त्यात एक रविवार आणि एक संध्याकाळ हवीच. सकाळी दहा ते पाच या वेळेत दिसतं ते वेळापत्रक. जगणं दिसतं संध्याकाळी सातनंतर.

तिसरी पायरी: संमती आणि तक्रारीचा रस्ता

संमती त्या व्यक्तीचीच घ्या. पालकत्वाचा कागद असला, तरी पालकाची सही तिची जागा घेत नाही. सोप्या वाक्यांत, चित्रं दाखवून सांगा: आम्ही कोण, काय विचारणार, कोणाला सांगणार, कोणाला सांगणार नाही. हिरवं आणि लाल असे दोन पुठ्ठे द्या. लाल दाखवला की थांबायचं. माणूस उठून गेला, तर तोही नकारच. आणि प्रत्येक भेटीत नव्यानं विचारा.

बोलता बोलता मारहाणीची, छळाची गोष्ट बाहेर येऊ शकते. तेव्हा काय करायचं हे मुलाखतीला बसण्याआधी ठरलेलं हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ नुसार अशी माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. गुन्ह्यासाठी पोलीस आहेतच, आणि संस्थेत अठरा वर्षांखालचं मूल असेल आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर पॉक्सोखाली (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे. गुप्ततेचं वचन देताना ही मर्यादा त्याच वेळी सांगा.

चौथी पायरी: निर्णयाचा माग काढा

ही या पद्धतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे वेळ घाला.

प्रत्येक व्यक्तीबाबत सात-आठ प्रत्यक्ष निर्णय निवडा. काही रोजचे: चहा कधी, कपडे कोणते, झोपायचं केव्हा. काही मधले: हातखर्च कशावर, फोन कोणाला, रविवारी कुठे, कार्यशाळेत कोणतं काम, खोलीत सोबत कोण. आणि दोन-तीन मोठे: इथे राहायचं की आणखी कुठे, औषधोपचार, निवृत्तिवेतनाचे पैसे, लग्न, मतदान.

मग एकेका निर्णयाबद्दल पाच गोष्टी शोधा. विषय कोणी काढला? पर्याय कोणते होते आणि ते त्या माणसाला दिसले का? माहिती त्याला कळेल अशा रूपात मिळाली का? शेवटी कोणी ठरवलं? आणि नंतर मत बदललं तर फिरवता आलं असतं का?

उदाहरण घेऊ या. महिन्याच्या पहिल्या रविवारी न्हावी संस्थेत येतो. व्हरांड्यात खुर्ची मांडली जाते, पुरुष रांगेत बसतात आणि सगळ्यांचे केस सारखेच बारीक कापले जातात. विचारलं की उत्तर येतं, ‘उवा होतात, शिवाय सोयीचं पडतं.’ आता पाच प्रश्न लावा. विषय वेळापत्रकानं काढला. पर्याय एकच. माहिती द्यायची वेळच आली नाही. ठरवलं संस्थेनं. फिरवता येणं शक्य नाही. याच संस्थेच्या फायलीत ‘वैयक्तिक नियोजन’ नावाचा देखणा छापील तक्ता असू शकतो. तक्त्यावर नाही, खुर्चीवर लक्ष ठेवा. सुधारणाही तिथेच सुरू होते: जे जाऊ शकतात ते गावातल्या सलूनमध्ये जातील, आणि इतरांना आरसा देऊन, दोन फोटो दाखवून न्हावी विचारेल. याला वेगळं अनुदान लागत नाही.

नकारांची वेगळी नोंद करा. गेल्या तीन महिन्यांत कोणी कशाला ‘नको’ म्हटलं आणि पुढे काय झालं? मला हा सगळ्यात खरा निकष वाटतो. नकार दिला की ‘वर्तन समस्या’ असा शेरा पडत असेल, तर तो ठळकपणे लिहा. आणि ‘आमच्याकडे कोणी नाही म्हणतच नाही’ असं अभिमानानं सांगितलं गेलं, तर तिथे आणखी दोन दिवस जास्त थांबा.

मोजपट्टी कोणती?

जगात तयार मोजपट्ट्या आहेत. अमेरिकेत १९९५ साली आलेली द आर्क या संघटनेची स्वनिर्णय मापनश्रेणी ७२ प्रश्नांची आहे. नंतरची, कॅन्सस विद्यापीठात तयार झालेली श्रेणी २१ प्रश्नांची. जागतिक आरोग्य संघटनेचा क्वालिटीराइट्स हा तपासणी संच २०१२ सालचा, पाच विषयांवर बेतलेला. कायदेशीर क्षमता आणि समाजात स्वतंत्रपणे राहणं हे त्यातलेच दोन. गुजरातच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये २०१४ पासून तो वापरला गेला आणि त्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र होतं. म्हणजे हे काम परदेशातच होतं असं नाही.

या संचांमधून विषयांची यादी जरूर घ्या. पण अमेरिकन प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून गुण देऊ नका. ‘मी माझे निर्णय एकट्यानं घेतो’ या वाक्याला आपल्याकडचा कुणीही थबकेल. नोकरी, लग्न, घर हे आपल्याकडे चार माणसांत बसून ठरतं, आणि त्यात दिव्यांग नसलेलेही आले. म्हणून मी एक साधी मोजपट्टी सुचवते: त्याच घरातलं, साधारण त्याच वयाचं भावंड. त्याच्या लग्नाचं बोलणं झालं तेव्हा तो खोलीत होता का? त्याच्या पगारातले किती पैसे त्याच्या हातात राहतात? तो मित्राकडे राहायला जाताना कोणाला विचारतो? आणि संस्थेत राहणाऱ्या भावाबाबत हेच कसं होतं? या तुलनेत संयुक्त निर्णयाची आपली रीतही राहते आणि तिच्या आड दडलेला भेदही उघडा पडतो. भावाच्या लग्नाच्या बैठकीला ज्याला बसवलं, पण स्वतःच्या खोलीतला सोबती बदलताना ज्याला विचारलं नाही, त्याचं काय झालं ते एका ओळीत कळतं.

पाचवी पायरी: बोलणं

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मुलाखतीत ‘हो’ म्हणण्याकडे मोठा कल असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या संशोधनात हे चांगलंच नोंदलं गेलं. ज्याचं जेवणखाण समोरच्यावर अवलंबून आहे, त्यानं त्याला खूश ठेवणं साहजिकच आहे. म्हणून ‘इथे आवडतं का?’ हा प्रश्न टाकून द्या. त्याऐवजी घडलेलं विचारा:

‘काल रात्री टीव्ही कोणी बंद केला?’
‘तुम्हाला अजून बघायचा होता का?’
‘मग तुम्ही काय म्हणालात?’
‘मग काय झालं?’

पर्याय द्यायचे तर दोन फोटो ठेवा, आणि थोड्या वेळानं तेच फोटो जागा बदलून पुन्हा ठेवा. दोन्ही वेळी उजवीकडचाच उचलला, तर ते उत्तर धरू नका. जागा कार्यालयातली नको. अंगणातला कट्टा, गच्ची, फाटकाबाहेरची चहाची टपरी चालेल. काळजीवाहक ऐकू येईल इतक्या अंतरावर नको. ‘त्यांना बोलता येत नाही, मी सांगतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याचं म्हणणं वेगळ्या रकान्यात, त्याच्याच नावावर लिहा. ते त्या व्यक्तीचं उत्तर म्हणून कधीही मोजू नका.

जे शब्दांनी बोलत नाहीत त्यांच्यासोबत दोन-तीन तास नुसतं राहा. ताट समोर आल्यावर मान कुठे वळते, कोणी जवळ आलं की अंग आखडतं, कोणाच्या आवाजाला हसू येतं. आणि मुख्य म्हणजे, या खुणा कर्मचाऱ्यांपैकी कोणाला वाचता येतात आणि त्या वाचल्यावर काही बदलतं का, ते पाहा.

सहावी पायरी: कागद, कुलूप आणि पैसा

एका व्यक्तीचा एका महिन्याचा पैसा पावलापावलानं शोधा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे बँकेत जमा होतात. पासबुक कोणाच्या कपाटात आहे? एटीएम कार्ड आहे का, असेल तर पिन कोणाला ठाऊक आहे? कार्यशाळेचं मानधन रोख मिळतं की खात्यात? हातखर्चाचं रजिस्टर उघडा. एकाच तारखेला, एकाच निळ्या शाईत, सारख्याच रकमेसमोर ओळीनं अंगठे उमटलेले दिसले, तर त्या पानाचा फोटो घ्या आणि अंगठ्यांच्या मालकांना एकेक करून विचारा, त्या पैशाचं काय घेतलं?

पालकत्वाचे कागद मागा. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीनं दिलेलं पालकत्व आहे का, ते कोणत्या निर्णयांपुरतं आहे, आणि संस्था त्याचा वापर त्यापलीकडे करते का? अनेकदा असं दिसतं की कागद मुळीच नसतो आणि तरी सगळे निर्णय पालकत्व असल्यासारखेच घेतले जातात.

मतदार यादी हा फार बोलका पुरावा आहे. न्यायालयानं तसं जाहीर केलं नसेल, तर केवळ बौद्धिक दिव्यांगत्वामुळे कोणाचं नाव यादीतून वगळता येत नाही. किती जणांकडे मतदार ओळखपत्र आहे आणि गेल्या निवडणुकीत कोण केंद्रावर गेलं, एवढं विचारा.

बाकीचं भराभर: कड्या दाराच्या कोणत्या बाजूला आहेत, कपडे स्वतःच्या कपाटात की ढिगात, चार वाजता स्वतःचा चहा करता येतो का, रोजची गोळी कशासाठी आहे हे घेणाऱ्याला माहीत आहे का, सगळ्यांच्या वैयक्तिक आराखड्यांत तीच वाक्यं आहेत का.

घर लहान आहे म्हणून गुण देऊ नका. दिव्यांग हक्क करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २०१७ च्या आपल्या भाष्यात हे रोखठोक सांगितलंय: शंभर जणांची इमारत असो की पाच-आठ जणांचं गटघर, रोजच्या निर्णयांवर ताबा नसेल, सोबती आणि मदतनीस निवडता येत नसतील, दिनक्रम सगळ्यांना एकच असेल, तर ती संस्थाच.

सातवी पायरी: कर्मचारी आणि पालक

रात्री पंधरा जणांमागे एकच काळजीवाहक असेल, तर तो नऊ वाजता दिवे घालवणारच. त्याला खलनायक ठरवून अहवाल लिहिणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. त्यालाही विचारा: पन्नास रुपयांचा खर्च तुम्ही स्वतः मंजूर करू शकता का? कोणाला बाजारात न्यायचं तर किती सह्या लागतात? नेलं आणि काही झालं तर तुमच्या मागे कोण उभं राहील? ज्याला स्वतःला काही ठरवता येत नाही, तो दुसऱ्याला ठरवू देईल ही अपेक्षा अवघड आहे. कर्मचारीसंख्या, पगार किती महिने थकलाय आणि प्रशिक्षण या नोंदी म्हणूनच निष्कर्षाच्या शेजारी हव्यात.

पालकांशी वेगळं बसा आणि निवांत बसा. ‘आमच्यामागे याचं काय?’ हा प्रश्न घेऊन ती माणसं तीस-तीस वर्षं जगलेली असतात. मुलगी एकटी रिक्षानं गेली या बातमीनं त्यांची छाती दडपते. त्यांची भीती नोंदवा, तिची कारणं नोंदवा, पण मुलीचं म्हणणं आणि आईचं म्हणणं एकत्र करून सरासरी काढू नका. दोन्ही शेजारी शेजारी छापा. मतभेद कुठे आहे हे दिसलं की आधार कुठे उभा करायचा ते कळतं: ओळखीचा रिक्षावाला, फोनमधला एक नंबर, पहिल्या काही फेऱ्यांना मागून येणारी मैत्रीण.

आठवी पायरी: निष्कर्ष काढताना

अठरा जणांच्या घराबद्दल ‘७२ टक्के समाधानी’ असं लिहू नका. ‘अठरांपैकी तेरा’ लिहा आणि उरलेले पाच कोण ते सांगा. ज्यांना सगळ्यात जास्त आधार लागतो त्यांचे निष्कर्ष वेगळे आणि आधी द्या, कारण सरासरीत तेच दिसेनासे होतात. नावं बदला, पण पंधरा-वीस जणांत नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा खुणेचे तपशीलही गाळा.

बदल कार्यक्रमामुळेच झाला का, हेही तपासायला हवं. प्रवेशाच्या वेळची स्थिती नोंदलेली असेल तर उत्तम. नसेल, तर बदल नेमका कधी झाला आणि त्याच सुमारास काय घडलं, हे तिघांकडून स्वतंत्रपणे ऐका: ती व्यक्ती, एक कर्मचारी, एक बाहेरचा. अधीक्षक बदलले म्हणून फाटक उघडलं असेल, तर श्रेय कार्यक्रमाचं नव्हे, आणि पुढची बदली झाली की ते फाटक पुन्हा बंद होऊ शकतं. तसं स्पष्ट लिहा.

नववी पायरी: अहवाल आणि पुन्हा भेट

अहवाल सगळ्यात आधी तिथे राहणाऱ्यांना सांगा. चित्रांचे मोठे तक्ते, छोटी वाक्यं, एक दुपार. ‘तुम्ही हे म्हणालात, बरोबर आहे का?’ इथे दुरुस्त्या निघतात, त्या मसुद्यात घ्या. मगच विश्वस्त, निधी देणारे आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

शिफारशी थोड्या आणि पत्ता असलेल्या असू द्या. ‘स्वनिर्णयाला चालना द्यावी’ ही शिफारस कोणाच्याच टेबलावर जात नाही. ‘३० जूनपर्यंत प्रत्येकाचं पासबुक त्याच्या स्वतःच्या कुलूपबंद कप्प्यात; जबाबदारी गृहप्रमुखांची; खर्च, कप्पे आणि कुलपं’ ही जाते.

सहा महिन्यांनी तीच माणसं, तेच निर्णय, तेच पाच प्रश्न घेऊन परत जा. त्या भेटीत मधल्या काळात संस्था सोडून गेलेल्यांचीही यादी मागा. कोण घरी गेलं, कोणाला दुसऱ्या संस्थेत हलवलं, कोण भाड्याच्या खोलीत राहतंय. त्यातल्या दोघा-तिघांना तरी गाठून तेच विचारा: जायचं कोणी ठरवलं, आधी कुठे कुठे नेऊन दाखवलं होतं, आणि नाही जमलं तर परत यायची वाट ठेवली होती का.